नाकाची गोळी, नोकाची गोळी

परवा बुऱ्हाणपूरला गेले होते. भाचीच्या मुलीचं केळवण होतं. जेवणं उरकल्यावर 'जरा पाय मोकळे करून येते' अशी थाप मारून मी एकटीच निघाले आणि रिक्षावाल्याला त्या गल्लीचं नाव सांगितलं. नाव अजून तेच आहे. बाकी सगळं बदललंय. बंदुका दुरुस्त करणाऱ्या उस्तादांचं दुकान होतं तिथे आता लग्नाच्या बँडवाल्यांची खोली आहे. दारात एक बाई चिंचेच्या कोळानं वाद्यांचं पितळ घासत बसली होती. ओल्या पितळेचा वास आला आणि मी भिंतीला हात टेकून उभी राहिले. मला तो वास सोसत नाही. इंदूरच्या घरात मी पितळेचं एकही भांडं ठेवलेलं नाही. सुनेला वाटतं, सासूबाईंना घासायचा कंटाळा.

पितळेचा वास म्हणजे माझ्या लेखी काडतुसांचा वास. आमचं गाव धूलकोटच्या वाटेवर. विहिरीखाली केळी, वर कापूस, आणि टेकडीच्या अंगाला ज्वारी. टेकडीमागे जंगल, आणि जंगलात रानडुकरं. ज्वारीचं कणीस दुधात आलं की डुकरांना कोण कळवायचं देव जाणे. सकाळी जावं तर अर्धं वावर लोळवलेलं, मुळासकट उकरलेलं, आणि वर त्यांचा तो आंबूस दर्प. त्यांच्यासाठी आमच्याकडे बंदूक आली. संस्थानं विलीन झाली तेव्हा पलीकडच्या एका लहानशा जहागिरीतली हत्यारं निघाली आणि गावोगाव पांगली. हत्ती-घोडे कुठे गेले ठाऊक नाही, एक रायफल मात्र आमच्या धान्याच्या कोठीशेजारी येऊन उभी राहिली. अमेरिकेत बनलेली होती म्हणे. बंदुकीच्या घोड्याखाली एक कडी होती. ती खाली ओढून परत लावली की खटक-खट्, आणि पुढची गोळी तयार. गावानं तिचं नाव 'कडीची' ठेवलं. परवाना माझ्या वडिलांच्या, आबांच्या नावावर. राखणदार म्हणून त्यांच्या धाकट्या भावाचं नाव चढवलेलं. ते आमचे नाना.

नानांचे हात आठवतात. बोटं लांब, नखं नेहमी साफ. अंबाडीची दावी त्यांच्यासारखी पंचक्रोशीत कोणी वळत नसे. डाव्या हाताच्या बोटांत तीन पेड धरायचे आणि उजव्यानं असा पीळ द्यायचे की दावं ओलं झालं तरी सुटायचं नाही. त्याच हातांनी ते माझी वेणी घालत. आईला स्वयंपाकातून सवड नसे, आणि तिनं घातलेल्या वेणीनं डोळे ताणले जात. नाना घालत ती वेणी कधी दुखली नाही. सकाळी मी ओट्याच्या खालच्या पायरीवर, ते वरच्या. खोबरेल, अंबाडीचा ओला वास, आणि त्यांचं ते अर्धवट गुणगुणणं. काका वेणी घालतो म्हणून मैत्रिणी हसत. मी नाक वर करून चालत असे. मला त्यांच्या आयांची कीव यायची.

आमच्याकडे खंडेनवमीला कडीचीची पूजा व्हायची, पण त्याआधीचा दिवस मला जास्त आवडायचा. त्या दिवशी काडतुसं निवडायची असत. ओट्यावर उन्हात गोधडी पसरायची, तीवर धुतलेलं धोतर, आणि त्यावर नाना एकेक काडतूस मांडत. परदेशी खोकी मिळेनाशी झाली होती. वापरलेली पितळी टरफलं बुऱ्हाणपूरला उस्तादांकडे न्यायची, ते ती पुन्हा भरून देत. म्हणून प्रत्येक काडतुसाचा स्वभाव वेगळा. नाना ते कानाशी हलवून पाहत, बोटांत फिरवत, वास घेत. हिरवट डाग पडलेलं एकीकडे, तडा गेलेलं दुसरीकडे. भाजी निवडताना आई बोलत नसे, तसे तेही बोलत नसत. फक्त मी जवळ बसले की शिकवायला सुरुवात.

"माय, हे पाह्य. हिले नाक हाये." चपट्या, बोथट शेंड्याच्या गोळीवरून ते अंगठा फिरवत. "डुकराले हीच लागते. आत जाऊन पसरते, जागच्या जागी काम. अन् ही दुसरी, हिले नाक नाही, नुसती नोक हाये. टोकदार. ही आरपार जाते. जनावर कोसभर पळते अन् नाल्यात जाऊन चार दिवस मरते. आपल्याले ते पाप नको."

मग कडीची उचलून तिच्या नळीखालची दुसरी नळी दाखवत. त्या खालच्या नळीत काडतुसं एकामागे एक राहायची, बाजाराच्या दिवशी गाड्या लागतात तशी. एकाचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. आणि बुडातच ती टिकली, जिच्यावर ठोका पडला की बार होतो.

"आता सांग, इथी नोकाची घातली तं काय होईल?"

"टिकलीला टोचेल."

"शाब्बास. धक्का बसला का नळीतच बार. म्हणून कडीचीले नाकाचीच. नोकाची कधी नाही."

मी हे ऐकलं होतं. एकदा नाही, चार-पाच खंडेनवम्या ऐकलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. आम्हाला माहीत नव्हतं, लहान होतो, ही सबब माझ्यापाशी नाही.

मी बुऱ्हाणपूरला मावशीकडे राहून शिकत होते. मॅट्रिकच्या अलीकडचं वर्ष. त्याच सुमारास राज्यांची फेरमांडणी झाली. नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही भोपाळच्या पदरात पडलो. वावर हललं नाही, तापी हलली नाही, पण कागद सगळे हिंदी झाले. बाजारातली हिंदी आबांना उत्तम येई. कापसाच्या व्यापाऱ्याशी ते हिंदीत कडाकडा भांडत. पण कागदावरच्या हिंदीची त्यांना धास्ती. कचेरीतून काही आलं की ते शनिवारपर्यंत तसंच ठेवत, मी आले की माझ्यापुढे करत. मी मोठ्यानं वाचायची. ओट्यावर गावातली चार माणसं जमत. 'प्रार्थी', 'कृपया', 'उपरोक्त' असले शब्द मी असे म्हणायची, जणू ते मीच शोधून काढलेत. आबा अभिमानानं इकडेतिकडे पाहत. मला शिंगं फुटली होती. घरातल्या बोलण्याची मला लाज वाटायला लागली होती. आई 'मले', 'तुले' म्हणाली की मी नाक मुरडायची.

त्या वर्षी ज्वारी फार जोरात होती, आणि नेमके नाना हिवतापानं अंथरुणाला खिळले. चैत्रात त्यांचं लग्न व्हायचं होतं. चांदनी गावची मुलगी पाहून झाली होती, सुपारी फुटली होती. "लगनाच्या आधी हे पीक घरात येऊ दे," असं ते कुडकुडत म्हणत. काडतुसं संपली होती. नानांनी सांगितलं, आबांनी चिठ्ठी लिहिली: 'कडीचीसाठी नाकाच्या गोळ्या.' ती चिठ्ठी आणि परवाना घेऊन आबा सोमवारी मावशीकडे आले. उस्तादांकडे जाताना मला बरोबर घेतलं. कशाला? उस्ताद काय परके होते? मराठी त्यांना पुरतं कळायचं. पण आता सोबत शिकलेली मुलगी होती, तेव्हा तीच बोलेल, असं आबांना वाटलं. आणि मलाही वाटलं.

निघण्याआधी मी ती चिठ्ठी वहीच्या पानावर हिंदीत उतरवली. कोणी सांगितलं नव्हतं. 'नाक की गोली' असं लिहिलं आणि मलाच हसू फुटलं. सर्दीचं औषध मागायला चाललो आहोत की काय! उस्ताद हसतील, गल्ली हसेल. मला वाटलं, आमच्या खेडवळ तोंडात मूळ शब्द बिघडला असणार. हिंदीत 'नोक' असा चांगला शब्द आहे, पुस्तकात आहे. मी 'ना' खोडलं आणि 'नो' केलं. एका मात्रेचं काम. खोडल्याचं दिसू नये म्हणून पान पुन्हा सुवाच्य लिहून काढलं.

उस्तादांच्या दुकानात तेल, लोखंड आणि अत्तर असा मिळून वास यायचा. ते सुकलेले, उंच, पांढरी टोपी घातलेले. आबांना पाहून उठले. नानांच्या तब्येतीची चौकशी केली, मला बसायला मोडा दिला. आबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी उभी राहिले, वर्गात उभी राहते तशी, आणि वाचलं, "नोकवाली गोली."

उस्तादांनी चष्मा कपाळावर घेतला. "नोकवाली? बिटिया, नलीवाली रायफल में?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, कागदावरच्या हिंदीत नाकाला नोक म्हणत असतील. हे त्यांनीच मला पुढे कधीतरी सांगितलं.

"हां जी," मी म्हणाले. "चिट्ठी में यही लिखा है."

त्या क्षणी मला ओटा आठवायला हवा होता. गोधडी, धोतर, टिकली, सगळं. नाही आठवलं. मला फक्त माझा उच्चार ऐकू येत होता, तो किती स्वच्छ होता ते.

उस्तादांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "नाना खुद समझदार हैं. एक-एक डालकर चलाते होंगे." आणि आत जाऊन भरलेल्या काडतुसांची पुडी घेऊन आले. जाताना आबांना पुन्हा म्हणाले, "भाऊ, नाना को बोलना, देखके भरें." आबा 'हो हो' म्हणाले. बाहेर पडल्यावर त्यांनी मला मावा-जिलेबी खाऊ घातली.

पुढच्या शनिवारी मी गावी होते. नानांचा ताप उतरला होता, पण डोळे अजून पिवळट. रविवारी उजाडताना रामा राखणदार धावत आला की डुकरं ज्वारीत आहेत. नाना उठले. मी दाराशी वेणी सोडून बसले होते. "आलोच," म्हणाले, "आल्यावर घालतो." मी त्यांना पुडी सोडून नळीत काडतुसं सरकवताना पाहिलं. पाठमोरे होते. ते क्षणभर थांबले, एक काडतूस उजेडाकडे धरलं, आणि मग तेही सरकवलं. खाली नळीत ती एकामागे एक बसल्याचा आवाज मला आला. टक्, टक्, टक्.

वावर फार लांब नव्हतं. बार झाला, आणि त्याला चिकटूनच दुसरा. दुसरा वेगळाच होता, जाड आणि दबलेला. कडीची खटक-खट् अशी मधे वाजली नाही. आई चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "हे काय झालं?" वाऱ्यावर जळक्या दारूचा वास आला, दिवाळीसारखा. मग रामाची आरोळी.

नानांना गाडीत घालून नेलं तेव्हा त्यांचा डावा हात आईच्या लुगड्यात गुंडाळलेला होता. लुगडं हिरवं होतं आणि ते हिरवं राहिलं नव्हतं. चार बोटं गेली. अंगठा राहिला. दवाखान्यात त्यांनी शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं ते ज्वारीचं.

चौकशी झाली. ठाण्याचे साहेब आमच्या ओट्यावर बसले, उस्तादांना बोलावून आणलं होतं. आबांनी चिठ्ठी दाखवली. तीत 'नाकाच्या' असं ठळक होतं. आबा शपथेवर म्हणाले, "आम्ही नाकाचीच मांगली." त्यांच्या मनाशी ते खरंच होतं. उस्ताद हळूच म्हणाले, "साहब, बच्ची ने नोकवाली पढ़ा था. मैंने पूछा भी था."

सगळे माझ्याकडे वळले. वहीचं ते पान मी दोन दिवसांपूर्वीच मावशीच्या बंबात घातलं होतं. नानांना बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात ठेवलं त्याच संध्याकाळी, नीट विचार करून. बंबात पाणी तापत होतं आणि मी पान जळेपर्यंत तिथे बसून होते. साहेबांनी विचारलं, "क्यों बेटी, क्या पढ़ा था?"

चांदनीचे पाहुणे बाजूलाच बसले होते. आबांची नजर माझ्यावर होती, तीच, अभिमानाची.

"नाकवाली," मी म्हणाले.

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मला आजही वाटतं, रागानं पाहिलं असतं तर मी बोलले असते. ते साहेबांकडे वळून म्हणाले, "बच्ची है साहब, झूठ क्यों बोलेगी. मेरे ही सुनने में फ़र्क़ हुआ होगा. उमर हो गई है."

त्यांचा परवाना गेला. दुकानाला कुलूप लागलं. तिघी मुली लग्नाच्या होत्या असं मावशी सांगायची. वर्षभरात ते बुऱ्हाणपूर सोडून गेले, कोणी म्हणे मालेगावला, कोणी म्हणे भुसावळला. शाळेत जायचा माझा रस्ता त्या गल्लीवरून होता. मी लांबच्या वाटेनं जायला लागले. मावशीला सांगितलं, तिकडे कुत्री फार.

चांदनीची सुपारी परत आली. नानांनी कोणाला दोष दिला नाही. दावी वळणं बंद झालं. काही दिवस त्यांनी पायाच्या अंगठ्यात पेड धरून वळून पाहिलं, पण पीळ एकीकडेच पडायचा. मग त्यांनी ती अंबाडी कोठीत टाकली आणि उंदरांनी तिची घरं केली. एकदा मी गावी आले तेव्हा त्यांनी आपणहून पायरीवर बसवलं. एका हातानं आणि एका अंगठ्यानं वेणी घालायला लागले. केस पुन्हा पुन्हा सुटत होते. मी म्हणाले, "राहू द्या नाना, आता शाळेत अंबाडाच घालतात." खोटं होतं. एक खोटं बोललं की पुढची फार सोपी जातात. केस मी त्यानंतर कापूनच टाकले.

मी शिकले. हिंदीच शिकवली आयुष्यभर, इंदूरच्या मुलींना. मात्रा चुकली की अर्धा गुण कापायची. मुली कुरकुर करत, "बाई, एका मात्रेनं काय होतं?" मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची. अर्धा गुण कधी परत दिला नाही.

नाना थकले तेव्हा मी महिनाभर गावी राहिले. ज्वारी केव्हाच गेली होती, सगळीकडे केळी. रानडुकरंही फारशी उरली नव्हती. कडीची सरकारजमा झाली होती. नाना खाटेवर पडून छताकडे पाहत. एका दुपारी, घरात कोणी नसताना, मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. वही, मात्रा, बंब, सगळं. इतकी वर्षं घोकलेलं होतं, तरी शब्द अडखळले. मला वाटत होतं, ते तोंड फिरवतील. किंवा डोक्यावरून हात फिरवतील. दोन्हीची तयारी केली होती.

ते म्हणाले, "मले नोक दिसली होती, माय."

मला कळेना.

"पहिलीच उजेडाकडे धरली ना, तवाच दिसली. म्हटलं, हे तं नोकाची हाये. मग म्हटलं, आता नवं राज्य हाये, नव्या तऱ्हेच्या निंघाल्या अशीन. आपल्या पोरीनं वाचून आणल्या. ते शिकेल हाये. मी कोन तिले खोटी करनारा?"

मी रडले नाही. रडायलाही काहीतरी हक्क लागतो. बराच वेळ बाहेर केळीची पानं वाजत होती. मग त्यांनी विचारलं, "उस्तादले सांगलं?"

"नाही नाना."

"हयात हायेत का?"

"माहीत नाही."

त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर ते पंधरा दिवस होते. त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. मी वाटी पुढे केली की पेज प्यायचे, इतकंच. मी मालेगावला दोनदा जाऊन आले, भुसावळला एकदा. बंदुकीचं काम करणारा म्हातारा, पांढरी टोपी, तीन मुली. अशानं कोण सापडतं?

गल्लीत मी भिंतीशी किती वेळ उभी होते कोण जाणे. समोरच्या शिंप्यानं हाक मारली. सत्तरीचे असतील, गळ्यात फीत. "किसे ढूंढ रही हैं, माताजी?" मी सांगितलं, इथे एक बंदुकीचे कारागीर होते, फार वर्षांपूर्वी. त्यांनी आठवायला डोळे बारीक केले आणि चेहरा उजळला.

"हां, हां, वो उस्ताद! जिनके कारतूस में खोट निकली थी. किसी का हाथ उड़ गया था. हम छोटे थे, पर सारा शहर जानता था."

"खोट नव्हती," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले, मग भानावर येऊन हिंदीत. "खोट नहीं थी. मैंने ग़लत पढ़ा था. उन्होंने पूछा भी था. और बाद में, पुलिस के सामने, मैंने झूठ बोला. वो लड़की मैं हूं."

माझा आवाज चढला होता. पितळ घासणाऱ्या बाईनं हात थांबवून पाहिलं. शिंपीकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांच्या तोंडावर फक्त आदब होती, दमलेल्या म्हातारीशी वागताना असते ती. त्यांनी आतलं स्टूल ओढून माझ्यापुढे ठेवलं.

"बैठिए आप, बैठिए. छोड़िए ना. अब कौन पूछता है."

पन्नासाहून जास्त वर्षं जे सांगायला मी घाबरत होते ते भर गल्लीत सांगून झालं, आणि त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.